कडेची शाई

बटाटा चिरताना त्यावर एखादा काळा डाग दिसला तर आपण काय करतो? डागाभोवती सुरी फिरवून तेवढा भाग काढून टाकतो आणि उरलेला बटाटा निरखून पाहतो. खळग्याच्या तळाशी अजून काळे दिसत असेल तर आणखी थोडे कोरतो. पांढरा गर दिसला की आपले समाधान होते.

आता यात एक अट घालू. उरलेल्या बटाट्याकडे पाहायचे नाही. फक्त कापून काढलेला तुकडा हातात घ्यायचा आणि तेवढ्यावरून सांगायचे, की सगळा डाग निघाला की थोडा मागे राहिला. सांगता येईल का?

येईल. तुकड्याच्या ज्या बाजूवरून सुरी फिरली ती बाजू पाहायची. तिथे सगळीकडे पांढरा गर असेल आणि डाग आतल्या आत संपलेला असेल, तर तो पूर्ण निघाला. डाग त्या बाजूपर्यंत पोचलेला दिसला, तर तो पलीकडे, म्हणजे उरलेल्या बटाट्यातही असण्याची दाट शक्यता आहे.

कर्करोगाची गाठ काढणाऱ्या शल्यचिकित्सकापुढे नेमकी हीच अट असते. रुग्णाच्या शरीरात मागे काय राहिले ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत नाही. म्हणून गाठीभोवतीची थोडी निरोगी ऊतीही गाठीबरोबर काढतात आणि तो सगळा तुकडा विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथल्या तज्ज्ञाला, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला, इतर अनेक गोष्टींबरोबर एक प्रश्न विचारलेला असतो : कड मोकळी आहे का? या कडेला डॉक्टर मंडळी ‘मार्जिन’ म्हणतात. उत्तर ‘हो’ असेल तर पुढचे उपचार सुरू होतात. ‘नाही’ असेल तर बहुधा पुन्हा एकदा शस्त्रक्रिया करावी लागते. असे मोठे उत्तर ज्यावर अवलंबून असते ती वस्तू अगदी साधी आहे. ती म्हणजे शाई.

कड हरवते कशी?

बटाट्याच्या तुकड्याची बाहेरची बाजू डोळ्यांना दिसते. कर्करोगाच्या पेशी तशा दिसत नाहीत. त्यासाठी ऊतीचे अतिशय पातळ काप करावे लागतात. लिंबाएवढ्या तुकड्याच्या आधी काही मिलिमीटर जाडीच्या चकत्या करतात. त्यांतल्या निवडक चकत्या मेणात बसवून त्यांचे साधारण ४ मायक्रॉन जाडीचे काप घेतात. १ मिलिमीटरमध्ये असे २५० काप मावतील, यावरून ते किती पातळ असतात याची कल्पना येईल.

अडचण इथेच सुरू होते. चकतीला कडा अनेक असतात. त्यांतली कोणती कड शल्यचिकित्सकाच्या सुरीची आणि कोणती प्रयोगशाळेतल्या सुरीची? शरीरातून काढताना झालेली कड महत्त्वाची आहे. टेबलावर चकत्या करताना झालेली कड बिनमहत्त्वाची आहे. ४ मायक्रॉनच्या कापात दोन्ही सारख्याच दिसू शकतात. बिनमहत्त्वाच्या कडेला गाठ टेकलेली असली तर काहीच बिघडत नाही, कारण ती गाठीतूनच कापलेली असते. पण महत्त्वाच्या कडेला ती टेकली असेल तर सगळा निर्णय बदलतो.

म्हणून सुरी लावण्याआधी तुकड्याच्या संपूर्ण बाहेरच्या पृष्ठभागावर शाई लावतात. नंतर कितीही चकत्या केल्या तरी ज्या कडेवर शाई ती खरी कड. सूक्ष्मदर्शकाखाली ती कापाच्या काठाने गेलेली रंगीत रेघ म्हणून दिसते. गाठीच्या पेशी शाईच्या रेघेला टेकल्या असतील तर कड मोकळी नाही. टेकल्या नसतील तर गाठ आणि शाई यांच्यातले अंतर मोजून अहवालात लिहिता येते.

एक रंग की सहा?

गाठ कडेला टेकली आहे एवढे सांगून भागत नाही. कोणत्या बाजूला टेकली तेही सांगावे लागते, कारण मग शल्यचिकित्सकाला फक्त त्या बाजूची आणखी थोडी ऊती काढता येते. स्तनातून काढलेल्या तुकड्याच्या सहा बाजू मानतात : वरची, खालची, छातीच्या मध्याकडची, काखेकडची, त्वचेकडची आणि स्नायूंकडची. पण टेबलावर ठेवलेल्या मऊ गोळ्याची वरची बाजू कोणती हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून शस्त्रक्रियागृहातच त्यावर खुणेचे टाके घालतात. बऱ्याच ठिकाणी आखूड टाका म्हणजे वरची बाजू आणि लांब टाका म्हणजे काखेकडची बाजू, असा संकेत असतो. दोन बाजू कळल्या आणि तुकडा डाव्या स्तनाचा की उजव्या हे माहीत असले, की उरलेल्या चार बाजू ठरवता येतात. भूमितीच्या तासाला विचारण्याजोगा हा प्रश्न आहे.

मग प्रत्येक बाजूला वेगळ्या रंगाची शाई लावतात. कोणता रंग कोणत्या बाजूला, याचा नियम सगळीकडे एकच नसतो. म्हणून तो अहवालात लिहून ठेवावा लागतो. हे लिहायचे राहिले, तर सहा रंग लावूनही काही उपयोग नाही.

शाईचा खडतर प्रवास

‘मग त्यात काय, कोणतीही शाई चालेल की!’ असे एखादा विद्यार्थी म्हणेल. त्याला या तुकड्याचा पुढचा प्रवास सांगावा.

ऊती कुजू नये म्हणून ती फॉर्मॅलिनच्या विद्रावणात ठेवतात. त्यातील पाणी काढून टाकण्यासाठी ती चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेतात. अल्कोहोल आणि मेण एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून मध्ये झायलीन नावाच्या द्रवात ठेवतात. मग सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवतात. मेण थंड होऊन घट्ट झाले की पातळ काप घेऊन ते कोमट पाण्यावर तरंगवतात आणि काचपट्टीवर उचलतात. त्यानंतर मेण घालवण्यासाठी पुन्हा झायलीन, पुन्हा अल्कोहोल, पुन्हा पाणी. मग ऊती रंगवण्यासाठी हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन ही दोन रंजके. शेवटी परत अल्कोहोल आणि झायलीन.

म्हणजे शाईला पाणी, फॉर्मॅलिन, अल्कोहोल, झायलीन आणि गरम मेण यांपैकी कशातही विरघळून चालणार नाही. एखाद्याच द्रवात टिकणाऱ्या शाया पुष्कळ आहेत. सगळ्या द्रवांत टिकणाऱ्या फार थोड्या. बाटलीवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिले आहे याचा अर्थ ती पाण्याने जात नाही, एवढाच. अल्कोहोल आणि झायलीनबद्दल ते लेबल काहीच सांगत नाही.

दुसरी अट याहून नाजूक आहे. शाई निघून जाता कामा नये, तशी ती आतही झिरपता कामा नये. शाई कडेपासून १ मिलिमीटर आत शिरली, तर कडेपासून १ मिलिमीटर दूर असलेली गाठ शाईला टेकलेली दिसेल. कड मोकळी असूनही ती मोकळी नाही असा अहवाल जाईल, आणि एखाद्या बाईला गरज नसताना दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपावे लागेल. उलट शाई धुऊन गेली तर खरी कड ओळखूच येणार नाही आणि मागे राहिलेली गाठ ध्यानात न येण्याचा धोका निर्माण होईल.

साखर आणि गाळ

येथे शाळेतल्या रसायनशास्त्राचा एक धडा कामाला येतो. रंग देणारे पदार्थ दोन प्रकारचे असतात. काही द्रवात विरघळतात, जशी सरबतात साखर. त्यांना रंजके म्हणू. फाउंटन पेनच्या नेहमीच्या शाईत अशी रंजके असतात. दुसरे पदार्थ विरघळत नाहीत. त्यांचे बारीक कण द्रवात तरंगत राहतात, जसा गढूळ पाण्यात गाळ. त्यांना रंगकण म्हणू.

विरघळलेल्या रंजकाचा एकेक रेणू सुटा असतो. त्याचा आकार साधारण १ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा असतो. एवढा लहान रेणू ओल्या ऊतीत सहज पसरत जातो. रंगकण म्हणजे असंख्य रेणूंचा किंवा अणूंचा गठ्ठा. तो त्याच्यापेक्षा दहापट, शंभरपट किंवा त्याहूनही मोठा असतो. कण जितका मोठा तितका त्याच्या पसरण्याचा वेग कमी. शिवाय ऊतीतल्या प्रथिनांच्या जाळ्यात तो अडकतो. म्हणून कडेच्या शाईला विरघळलेले रंजक नको, न विरघळणारे रंगकण हवेत.

असा सर्वांत जुना आणि भरवशाचा रंगकण आपल्या घरात पूर्वी रोज तयार होत असे. तो म्हणजे काजळी. काजळी हा कार्बन. तो पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये नाही आणि झायलीनमध्येही नाही. जुन्या पोथ्या लिहिण्यासाठी काजळ आणि डिंक खलून शाई करत. शेकडो वर्षांनी कागद पिवळा पडला तरी अक्षरे काळीच राहिली, याचे कारण हेच. चित्रकलेच्या काळ्या ‘इंडियन इंक’मध्येही कार्बनच असतो, आणि प्रयोगशाळांनी कडा रंगवायला ती फार पूर्वीपासून वापरली आहे.

पण पोथीवर पाण्याचा थेंब पडला तर अक्षर फुटते. असे का? कार्बन तर विरघळत नाही! विरघळतो तो डिंक. रंगकणाला पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या पदार्थाला बंधक म्हणतात. बंधक सुटला की कणही सुटतो. तेव्हा रंगकण पक्का असून भागत नाही, त्याला धरून ठेवणारी पकडही पक्की हवी. ड्रॉइंग इंकमध्ये डिंकाऐवजी बहुधा लाख वापरत. टाकणखाराच्या पाण्यात लाख विरघळते आणि शाई वाळली की पाण्याने सहज सुटत नाही. पण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते! अल्कोहोलमधून जाताना कण टिकायचे तर ते ऊतीच्या खडबडीत पृष्ठभागात चांगले रुतून बसायला हवेत.

यासाठी प्रयोगशाळेत एक सोपी युक्ती करतात. शाई लावल्यावर तुकडा क्षणभर सौम्य अ‍ॅसिटिक आम्लात बुडवतात किंवा त्यावर ते शिंपडतात. स्वयंपाकघरातला व्हिनेगर म्हणजे हेच आम्ल. दुधात लिंबू पिळल्यावर प्रथिने साकळतात, तशी ऊतीच्या पृष्ठभागावरची प्रथिने आम्लाने साकळतात आणि रंगकण त्यांत अडकतात. शाईत लाख असेल तर तीही आम्लात न विरघळणारी होऊन जागच्या जागी बसते.

आता ऊतींसाठी खास तयार केलेल्या रंगीत शाया मिळतात. काही प्रयोगशाळांनी चित्रकारांचे अ‍ॅक्रिलिक रंगही वापरून पाहिले आहेत. अ‍ॅक्रिलिक रंगात बंधक म्हणून प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे सूक्ष्म थेंब असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार होतो. हे रंग स्वस्त असतात आणि सहज मिळतात. पण कोणताही रंग वापरण्यापूर्वी तो वरच्या संपूर्ण प्रवासातून नेऊन तपासावा लागतो. एका छटेचा रंग टिकला म्हणून त्याच संचातली दुसरी छटा टिकेलच असे नाही, कारण प्रत्येक छटेतला रंगकण वेगळा असतो.

कोणता रंग निवडावा?

टिकाऊपणाइतकेच महत्त्व ओळखू येण्याला आहे. रंगवलेल्या कापात पेशींची केंद्रके हिमॅटॉक्सिलिनमुळे निळी-जांभळी दिसतात आणि बाकीचा भाग इओसिनमुळे गुलाबी. इओसिन हे रंजक एके काळी लाल शाईतही वापरत. तेव्हा गुलाबी पार्श्वभूमीवर लाल शाईची रेघ किती उठून दिसेल, हे तुम्हीच ठरवा. शिवाय तुकडा रक्ताने माखलेला असेल तर लाल शाई कुठवर लागली हे लावतानाही नीट कळत नाही. म्हणून लाल रंगाचा क्रम बहुधा शेवटचा लागतो. काळा, निळा आणि हिरवा हे रंग अधिक वापरात आहेत. पिवळा आणि नारिंगीही वापरतात, पण ते शेजारी शेजारी आले तर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात गल्लत होऊ शकते. बाटलीत वेगळे दिसणारे दोन रंग ४ मायक्रॉनच्या थरात तितके वेगळे दिसतीलच असे नाही.

आणखीही काही गोष्टी पाहाव्या लागतात. शाई लवकर वाळली पाहिजे, नाहीतर सुरीबरोबर ती आत ओढली जाते. काही तुकड्यांचे क्ष-किरण चित्र घेतात. शाईत जड धातूचे क्षार असतील तर त्या चित्रात त्यांचे ठिपके उमटतील. ऊतीतले लोह शोधण्यासाठी एक चाचणी करतात. तिच्यात निळा रंग तयार होतो आणि तो प्रशियन ब्लू असतो. शाईतही हाच रंगकण असेल तर गोंधळ व्हायचा.

हातांची शिस्त

उत्तम शाई निष्काळजीपणे लावली तर ती दिशाभूलच करते. तुकडा आधी टिपकागदाने कोरडा करावा लागतो. स्तनाच्या ऊतीत चरबी खूप असते. ओल्या, तेलकट पृष्ठभागावर पाण्यातली शाई धरत नाही, ओघळते. चरबीच्या भेगांत ती साचली तर आतल्या भागाला खोटी कड तयार होते. म्हणून थर पातळ द्यायचा, वाळू द्यायचा, आणि मगच सुरी लावायची. सुरी वेळोवेळी पुसायची.

एवढे करूनही शाईचा एखादा कण भलतीकडे जातोच. मग तज्ज्ञ इतर पुरावे पाहतो. खरी कड असेल तर शाईची रेघ काठाने सलग जाते. सुरीने ओढून नेलेले कण सुटे, विखुरलेले असतात. काही वेळा ते कापाच्या वर तरंगत असतात. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू किंचित फिरवला की पेशी अस्पष्ट होतात आणि शाई स्पष्ट दिसते, म्हणजे दोन्ही एका पातळीवर नाहीत. शल्यचिकित्सकाने विजेच्या सुरीने कापले असेल तर खऱ्या कडेवरच्या पेशी भाजलेल्या दिसतात. तीही खूण उपयोगी पडते.

किती दूर म्हणजे दूर?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी संपूर्ण स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतील गाठी काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पुढे अनेक दशके हाच राजमार्ग मानला गेला. १९७० च्या दशकात इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी यांनी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी मोठ्या चाचण्या सुरू केल्या. फक्त गाठीचा भाग काढून नंतर किरणोपचार दिले, तर रुग्णांच्या आयुष्यात फरक पडतो का, हे त्यांना पाहायचे होते. दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. लहान आकाराची गाठ असलेल्या असंख्य स्त्रियांना यामुळे स्तन न गमावता उपचार घेता आले.

पण स्तन राखायचा तर गाठ पूर्ण निघाली याची खात्री हवी. फिशर यांच्या चाचणीत मोकळ्या कडेची व्याख्या सोपी होती : शाईवर गाठ नसावी. पुढे काही डॉक्टर १ मिलिमीटर, काही २, तर काही ५ मिलिमीटर मोकळी ऊती मागू लागले, आणि त्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया होऊ लागल्या. २०१४ मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सक व किरणोपचार तज्ज्ञांच्या संघटनांनी ३३ अभ्यासांतील २८,१६२ रुग्णांची माहिती एकत्र तपासून मार्गदर्शन केले. शाईला गाठ टेकलेली असेल तर त्याच स्तनात रोग उलटण्याची शक्यता निदान दुप्पट होते. पण ती टेकलेली नसेल तर, पुढे संपूर्ण स्तनावर किरणोपचार होणार असताना, अधिक रुंद कड काढून जादा फायदा दिसत नाही. हा निष्कर्ष आजूबाजूच्या ऊतीत शिरलेल्या कर्करोगाबद्दलचा. दुग्धनलिकांच्या आतच असलेल्या कर्करोगासाठी २०१६ मध्ये २ मिलिमीटरचे अंतर पुरेसे ठरवले गेले.

म्हणजे ‘टेकली की नाही’ हा निर्णय आज शाईच्या एका रेघेवर होतो. रेघ जितकी बारीक आणि जागच्या जागी, तितका निर्णय खरा.

वर्गात करून पाहा

फॉर्मॅलिन आणि झायलीन शाळेत वापरू नयेत. पाणी, व्हिनेगर आणि सर्जिकल स्पिरिट एवढे पुरे. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळपास ज्योत नको आणि खिडक्या उघड्या हव्यात. सुरी शिक्षकांनी चालवावी.

१. टिपकागदाच्या पट्टीवर एक ठिपका काळ्या स्केच पेनचा आणि एक काळ्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकचा द्या. वाळू द्या. ठिपके पाण्याच्या वर राहतील अशा बेताने पट्टीचे टोक पाण्यात धरा. कोणता ठिपका पाण्याबरोबर वर चढतो? त्यातून कोणते रंग सुटे होतात? दुसऱ्या पट्टीवर हेच स्पिरिट वापरून करा.

२. बटाट्याचे सारखे चौकोनी तुकडे घ्या व टिपून कोरडे करा. एकावर फाउंटन पेनची शाई, दुसऱ्यावर पोस्टर कलर, तिसऱ्यावर ड्रॉइंग इंक, चौथ्यावर कापडावर रंगवायचा अ‍ॅक्रिलिक रंग लावा. असे तीन संच करा. वाळल्यावर एक संच तासभर पाण्यात व दुसरा स्पिरिटमध्ये ठेवा. तिसरा आधी व्हिनेगरमध्ये बुडवून मग पाण्यात ठेवा. नंतर मधोमध कापून रंग किती मिलिमीटर आत गेला ते पट्टीने मोजा आणि तक्ता करा. द्रवात किती रंग उतरला तेही नोंदवा.

३. एका बटाट्याच्या सहा बाजू सहा रंगांनी रंगवा. त्याचे बारीक तुकडे करून मिसळा. प्रत्येक तुकडा बटाट्यात कुठे होता ते दुसऱ्या गटाने सांगावे. ज्या तुकड्यांवर रंगच नाही ते कुठले? ज्यांवर तीन रंग आहेत ते कुठले? मग रंगाची यादी त्या गटाला न देता पुन्हा खेळा. यादी अहवालात का लिहावी लागते हे कोणाला सांगावे लागणार नाही.

या तिसऱ्या प्रयोगानंतर मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. पॅथॉलॉजिस्ट रुग्णाला बहुधा कधीच भेटत नाही. त्याच्यापुढे येते ती एक काचपट्टी आणि तिच्या काठावरची रंगीत रेघ. ती रेघ कोणी तरी, आदल्या दिवशी, घाई न करता लावलेली असते. घरी अहवालाची वाट पाहणाऱ्या माणसाला त्या हाताचे नाव कळत नाही. त्याचे उत्तर मात्र त्या हातावरही अवलंबून असते.